हनिमून: इंग्रजीतला वापर आणि सोलापूरहून निघतानाचं गणित

अक्षता
सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या नवविवाहित जोडप्यांसाठी एका टूरवाल्यांचं माहितीपत्रक मराठी-इंग्रजीत करायचं आहे. इंग्रजीचा कच्चा मसुदा आला आहे, त्यातली तीन वाक्यं देवनागरीत जशीच्या तशी:

"वी सेंड कपल्स इन हनिमून."
"डू युवर हनिमून इन मुन्नार."
"युवर हनिमून पिरियड इज फोर नाइट्स फाइव्ह डेज."

तिन्ही खटकतात, पण नेमकं काय बदलायचं? शिवाय मराठी भागात "सोलापूरहून निघताना" असं एक पान ठेवायचं आहे. जाहिरातबाजी नको. लोक जिथे अडकतात तेवढंच सांगा.

बाराबंदी
पहिल्यात "इन" चुकलं. इंग्रजीत माणूस "ऑन लीव्ह" असतो, "ऑन ड्यूटी" असतो, तसाच "ऑन हनिमून". ब्रिटिश लोक नुसतं "दे आर ऑन हनिमून" असंही लिहितात. अमेरिकेत हनिमून कुणाचा ते सांगून "ऑन देअर हनिमून" म्हणायची सवय जास्त. पत्रकात दुसरं घ्या, ते दोन्हीकडे चालतं. "इन" लागतं ते गावाला: "ऑन देअर हनिमून इन मुन्नार". आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं "वेंट फॉर हनिमून" लंगडं वाटतं, कारण मधला "देअर" गळालेला असतो. "वेंट टू मुन्नार फॉर देअर हनिमून" अगदी बरोबर.

दुसऱ्यातला "डू" आपल्या "हनिमून केला"मधून आलाय. इंग्रजीत हनिमून "स्पेंड" करतात, "हॅव" करतात, त्यावर "गो" करतात. शिवाय हा शब्द स्वतःच क्रियापद होतो: "दे हनिमून्ड इन मुन्नार". तेव्हा शीर्षकाला नुसतं "हनिमून इन मुन्नार" ठेवलंत तर ते नाम म्हणूनही वाचता येतं आणि आज्ञार्थ म्हणूनही. दोन्ही अर्थ तुम्हाला सोयीचेच.

तिसरं वाक्य मात्र आजच काढून टाका. "हनिमून पिरियड" म्हणजे सहलीचे दिवस नव्हेत. कुठल्याही नव्या संबंधातला सुरुवातीचा, एकमेकांच्या चुका पोटात घालण्याचा काळ म्हणजे हनिमून पिरियड, आणि तो संपणार हे त्यात गृहीतच असतं. "तुमचा हनिमून पिरियड चार रात्रींचा" छापलं तर पाचव्या दिवशी भांडण पक्कं असा अर्थ निघतो. "ड्युरेशन: फोर नाइट्स, फाइव्ह डेज" लिहा.

इंग्रजीत लिहिताना "हनिमून" हा एकच शब्द, मध्ये जागा नाही, जोडरेघ नाही.

कडक_भाकरी
पाचव्या दिवशी भांडण पक्कं, हे तर पत्रकवाले खरंच बोलले की हो!

कंबर_तलाव
आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक टूर पत्रकात "प्राचीन काळी वधूवरांना महिनाभर मधाची दारू पाजत, म्हणून हनिमून" असं असतं. हे ठेवायचं का?

बाराबंदी
नका ठेवू. गोष्ट गोड आहे, पण तिला जुन्या कागदांचा आधार नाही. जावयाला महिनाभर मधाची दारू पुरवणारा बॅबिलोनचा सासरा, वधू पळवून महिनाभर लपून बसणारे उत्तर युरोपातले लोक, सगळ्या त्याच माळेतल्या.

लिखित पुरावा इंग्रजीतच सापडतो. जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात हा शब्द येतो. १५५२ साली रिचर्ड ह्युलोएटने आपल्या शब्दकोशात त्याचा अर्थ दिला: नवं लग्न झालेले सुरुवातीला एकमेकांवर अतोनात प्रेम करतात, आणि ते प्रेम पुढे ओसरण्याचा संभव असतो, अशा काळाला सामान्य लोक हे नाव देतात. म्हणजे शब्द जन्मला तोच जरा खवचट. मध गोडीसाठी आणि चंद्र पौर्णिमेनंतर लगेच घटू लागतो म्हणून. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशापर्यंत तो खवचटपणा निवला आणि अर्थ झाला लग्नानंतरचा पहिला महिना, ज्यात प्रेम आणि आनंदाखेरीज काही नसतं. सहलीचा अर्थ आणखी पुढचा. इंग्लंडातली पैसेवाली जोडपी लग्नाला येऊ न शकलेल्या नातलगांच्या घरी फिरत, त्याला ब्रायडल टूर म्हणत. १९व्या शतकात नातलग मागे पडले, प्रवास उरला.

पत्रकात एखादी खरी गंमत हवीच असेल तर नायगाराची घ्या. तिथे इतकी नवी जोडपी जात की धबधब्याजवळच्या फॉल्स व्ह्यू पुलाला लोक हनिमून ब्रिजच म्हणू लागले. २७ जानेवारी १९३८ रोजी नदीतल्या बर्फाच्या रेट्याने तो कोसळला.

कंबर_तलाव
पूल पडल्याची गंमत टूरच्या पत्रकात? राहू द्या सर.

चेकइन_दुपारी_दोन
वापरातला आणखी एक फरक पत्रकाला उपयोगी पडेल. आपल्याकडे बोलण्यात "हनिमून" म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात पहिली रात्रच येते. इंग्रजीत तसं नाही. तिथे "हाऊ वॉज युवर हनिमून?" हा सासूबाईंनीही विचारावा इतका साधा प्रश्न आहे, सहल कशी झाली एवढाच. हाच प्रश्न अभिप्रायाच्या फॉर्मवर मराठीत "हनिमून कसा झाला?" म्हणून छापला तर फॉर्म कोरा परत येईल. तिथे "सहल कशी झाली?" ठेवा.

आणि यादीत "बेबीमून" आला असेल तर तपासा. तो बाळ होण्याआधीच्या सहलीचा शब्द, नव्या जोडप्याचा नव्हे. लग्नानंतर लगेच दोन-तीन रात्रींची छोटी सहल आणि मोठी नंतर, तर पहिलीला "मिनीमून" म्हणतात. पन्नाशीतल्यांना विकायचं असेल तर "सेकंड हनिमून".

ओपीडी_नंतर
वैद्यकातही हा शब्द ठाण मांडून बसलाय. टाइप वन मधुमेहात इन्सुलिन सुरू केल्यावर स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी काही काळ पुन्हा काम करू लागतात आणि डोस खूप खाली येतो. याला हनिमून फेज म्हणतात. काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहून जास्त टिकते. घरच्यांना वाटतं आजार बरा झाला, आणि कुणाच्या तरी सल्ल्याने इन्सुलिन बंद होतं. तिथेच घात होतो. "हनिमून" म्हणजे संपणारा काळ, हा अर्थ नीट पोचवायला लागतो.

जोडीदाराने रात्रभर दंडावर डोकं ठेवल्याने नस दबून मनगट लुळं पडतं, ते हनिमून पाल्सी. बहुतेकांचं आपोआप बरं होतं.

पत्रकात खरं तर हनिमून सिस्टायटिस हवं. संबंध नव्याने सुरू झाल्यावर मुलींना लघवीत जळजळ, सारखी लागणं, ओटीपोटात दुखणं असा त्रास होतो. कारण साधं आहे: मूत्रमार्ग आखूड, त्यात जंतू ढकलले जातात आणि प्रवासात लाजेपोटी किंवा स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. पाणी भरपूर प्यायचं, संबंधानंतर लघवीला जायचं, लघवी तुंबवायची नाही. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेत दुखायला लागलं तर थांबायचं नाही, त्याच गावात डॉक्टर गाठायचा. मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन अर्धवट सोडलेला कोर्स परत उलटतो.

अक्षता
डॉक्टर, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल पण द्याल का? तो प्रश्न सगळ्यांना असतो आणि छापलेला कुठेच नसतो.

ओपीडी_नंतर
नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. तीन गोष्टी ठळक छापा. पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुरू केल्या तर भरवसा नाही. या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही. आणि पायातल्या शिरेत गुठळी होऊन गेलेली असेल, अर्धशिशीत डोळ्यापुढे चमकत असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. आमच्याकडे बहुतेक वेळा लग्नाच्या दिवसासाठी एकदा आणि सहलीसाठी परत एकदा अशी लागोपाठ मागणी येते. ते तारखा पाहून एकत्र ठरवायला लागतं, म्हणून महिनाभर आधी या.

संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी हे रोजचं साधन नव्हे, हेही एका ओळीत घाला.

रूळावर
आता प्रवास. सोलापूर मुख्य मार्गावर असल्याचा फायदा लोक घेतच नाहीत, उगाच पुण्याला जाऊन बसतात.

केरळसाठी पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. मुन्नारला जायचं तर आलुवा किंवा एर्नाकुलमला उतरायचं. आलुव्याहून पुढे साधारण ११० किलोमीटर, पण घाट असल्यामुळे चार तास धरा. उटीसाठी पंढरपूर–मैसूर गोलगुंबज एक्सप्रेस सोलापूर-विजयपूर करत थेट मैसुरात सोडते. तिथून गुंडलुपेट-बंदीपूरमार्गे उटी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ खासगी गाड्यांना बंद असतो. गाडी उशिरा आली, मैसुरात जेवण लांबलं आणि नऊला गुंडलुपेट, की रात्र तिथेच. दुसरं, मे २०२४ पासून नीलगिरी जिल्ह्यात आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाडीला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो सुरू झाला. मैसूरचा टॅक्सीवाला "काढलाय" म्हणाला तरी मोबाइलवर बघून घ्या. नीलगिरीत प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, स्टीलची सोबत ठेवा.

आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. हे दिवस गाडीच्या पहिल्या स्टेशनाच्या तारखेवरून मोजतात. पुण्याहून रात्री सुटलेली गाडी सोलापूरला मध्यरात्रीनंतर येते, म्हणजे तुमची चढायची तारीख एकाने पुढची. "रविवारी रात्री निघायचंय" म्हणून रविवारची तारीख टाकली तर तुमची गाडी रविवारच्या पहाटेच निघून गेलेली असते. रात्री १२ नंतरची गाडी असेल तर तिकिटावर सोमवारच हवा.

कडक_भाकरी
ही चूक इतकी होते की ठळक चौकटीत छापा. आणि विमान? सोलापूरहून गोवा सुरू झालं की.

रूळावर
झालं, जून २०२५ मध्ये. पण ते छोटं विमान, रोजचं वेळापत्रक गृहीत धरू नका. लग्नाच्या तारखेला ते उडतं का ते आधी पाहा.

बाकी लांबच्या आणि परदेशी विमानांसाठी माझं मत पुण्यापेक्षा हैदराबादला. पुणे २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या वर, म्हणून लोक पुणे धरतात. पण पुण्यात शिरताना लोणी काळभोर ते हडपसर किती वेळ जाईल हे देवही सांगू शकत नाही. हैदराबादला पटानचेरूजवळ बाह्यवळण रस्त्यावर चढलं की शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ. वेळ सांगता येते, आणि विमानाला तेच महत्त्वाचं.

झेरॉक्स
कागदांवर लिहितो, कारण रडारड तिथेच होते.

रेल्वेच्या ई-तिकिटावर त्या पीएनआरमधल्या कुणाही एकाचं मूळ ओळखपत्र पुरतं. त्यामुळे मुलीचं नाव माहेरचं असो की सासरचं, अडत नाही. विमानाला प्रत्येकाचं वेगळं. लग्नपत्रिकेवरचं नवं नाव हौसेने तिकिटावर टाकलं आणि आधारवर जुनं, की काउंटरवर अडले. तिकीट ओळखपत्राप्रमाणे काढायचं आणि सहल होईपर्यंत आधारला हात लावायचा नाही. बुकिंग जुन्या नावाने आणि मधल्या काळात आधार नव्या नावाचं, हाही घोटाळा तितकाच होतो.

पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतो. व्हिसा, तिकीट, हॉटेल सगळं त्याच नावाने. मुदत मात्र परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली हवी, बरेच देश तेवढी मागतात.

विवाह नोंदणी ९० दिवसांच्या आत केलेली बरी. शहरात महापालिका, गावात ग्रामपंचायत. तीन साक्षीदार लागतात, आणि मांडव उठल्यावर तिघं एका दिवशी सापडत नाहीत. सह्यांचा दिवस लग्नाआधीच ठरवा.

मेंदीचं कुणी सांगत नाही. बोटांचे ठसे लागणारा व्हिसा असेल तर ठसे लग्नाआधी देऊन मोकळं व्हा. बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असली की यंत्र ठसा नीट उचलत नाही आणि पुन्हा बोलावतात.

परदेशी पॅकेजवर टूरवाले टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापतात. ते पॅनवर जमा होतं आणि विवरणपत्र भरताना वळतं करता येतं. म्हणून जो विवरणपत्र भरतो त्याच्याच पॅनवर बिल करा. सासऱ्यांनी हौसेने पैसे भरले आणि बिल जावयाच्या नावाने, की हिशेब जुळवताना दोघांना घाम.

चेकइन_दुपारी_दोन
हॉटेलच्या पानावर सीपी, एमएपी, एपी ही अक्षरं समजावून द्या. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे त्यात एक मोठं जेवण, बहुधा रात्रीचं. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांनी एपी घेऊ नये, दुपारचं जेवण फुकट जातं. मुन्नार-मनालीला रात्री आठनंतर बाहेर पडायचा कंटाळा येतो, तिथे एमएपी बरा.

कर: खोलीचा दिवसाचा दर ७५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्यावर १८ टक्के. ७४०० ची खोली ७७७० ला पडते आणि ७६०० ची थेट ८९६८ ला. दोनशेच्या फरकाचे जवळजवळ बाराशे होतात. घासाघीस करायची ती इथे.

"हनिमून इन्क्लुजन्स" म्हणजे गादीवर फुलं, केक, बदाम दूध, एक कँडललाइट डिनर. हे बहुधा एकाच रात्री, एकदाच मिळतं. पोचायच्या रात्री नको म्हणून सांगा. दोघं बारा तास प्रवास करून आलेले असतात, केक तसाच राहतो. डिसेंबरच्या २४ आणि ३१ ला अनेक रिसॉर्ट गाला डिनर सक्तीचं करतात, ते पैसे पॅकेजच्या बाहेर असतात. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

मालदीवला लांबच्या बेटांवर नेणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त उजेडात उडतात. माले विमानतळावर उतरायला संध्याकाळ झाली तर ती रात्र विमानतळाजवळच काढावी लागते आणि रिसॉर्टचं एक रात्रीचं भाडं पाण्यात. दुपारच्या आत पोचणारं विमान घ्या किंवा स्पीडबोटीने जाता येईल असं जवळचं बेट. तिथे दारू बरोबर न्यायची नाही, विमानतळावरच काढून ठेवतात.

काश्मीरला बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. दोघांपैकी एकाचं तरी करून घ्या, नाहीतर घरचे फोन लागत नाही म्हणून हवालदिल.

गड्ड्याची_पोरगी
निघायची तारीख कुणी सांगितलीच नाही. आपल्याकडे लग्नानंतर सत्यनारायण, जागरण-गोंधळ, तुळजापूर, बऱ्याच घरांत अक्कलकोट आणि पंढरपूरही असतं. मुलीचं माहेरी जाऊन येणं वेगळं. टूरवाले लग्नाच्या तिसऱ्या दिवसाचं तिकीट काढून देतात आणि मग गोंधळ्याची तारीख पुढेमागे झाली की सगळं रद्द. लग्नापासून सात-आठ दिवस सोडूनच तारीख धरा. तुळजापूर एका दिवसात होतं, पण नवरा-नवरीला मंगळवारी-शुक्रवारी पाठवलं तर दर्शनाच्या रांगेतच दिवस संपतो.

कडक_भाकरी
सात-आठ दिवसांनी म्हणजे रजा संपली ना ताई. कंपन्यांत नवरदेवाला एकूण रजाच तेवढी मिळते.

गड्ड्याची_पोरगी
मग वर सांगितलेला मिनीमून करा आणि मोठी सहल दोन महिन्यांनी. एप्रिल-मेच्या लग्नाला तर तेच सोयीचं, कारण तेव्हा सगळ्या थंड ठिकाणी शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी आणि दर चढे. जुलैचा मुन्नार मात्र घेऊ नका, धो धो पाऊस आणि दरडी. सप्टेंबरअखेर जा. रजेचा अर्ज लग्नाच्या वेळीच दोन तुकड्यांत टाकला की साहेबही फार कुरकुरत नाहीत.

रूळावर
बॅगांचं राहिलं. देशातल्या विमानांत साधारण १५ किलो सामानात आणि ७ किलो हातात. शालू आणि बर्फाचे बूट एकाच बॅगेत बसत नाहीत. बर्फाचे कपडे आणि बूट मनालीत भाड्याने मिळतात, ते इथून नेऊ नका. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. शेंगा चटणी खुशाल न्या, पण मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर तेल साडीला लागतं. आणि ओटीतलं सुकं खोबरं काढून ठेवा. ते तेलकट असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही.

अक्षता
ओटीतला नारळ पण नाही का? सासूबाई लोक विचारणारच.

रूळावर
सुकं खोबरं तर नाहीच. अख्ख्या नारळाबद्दल त्या त्या विमान कंपनीला आधी विचारायचं. तेवढ्यासाठी काउंटरवर बॅग उघडायची वेळ आणू नका. नारळ माहेरी फोडून प्रसाद करा आणि खण तेवढा बॅगेत टाका.